डिलन ऐकायला जाण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी राहणाऱ्या मुलांकडे उन्हाळ्यात जाणारी आपल्याकडची साठी-सत्तरीतली मंडळी हल्ली तिकडे असताना एखादी मोठी मैफल पदरात पाडून घेतात. त्यात अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलन यांचे नाव बरेचदा असते. कॉलेजात कॅसेटवर ऐकलेला माणूस एकदा डोळ्यांनी पाहायचा, हा मोह समजण्यासारखा आहे. परत आल्यावर मात्र तक्रारी ठरलेल्या: गाणी ओळखूच आली नाहीत, पियानोमागे कोण बसले होते ते दिसले नाही, प्रेक्षकांशी एक शब्द बोलले नाहीत, वर फोनही कुलपात. आपल्या पुरवणीतल्या वृत्तान्तांचा सूरही अधूनमधून असाच लागतो. आम्ही काही जण ध्वनिव्यवस्थेचे काम करणारे आणि हे संगीत नेमाने ऐकणारे आहोत. या तक्रारींपैकी बहुतेक टाळता येण्याजोग्या आहेत, म्हणून हे पत्र.

प्रथम फोन, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. २ नोव्हेंबर २०२१ रोजी मिलवॉकीत सुरू झालेल्या 'रफ अँड राउडी वेज' दौऱ्यात प्रवेशद्वारावरच फोन एका जाड कापडी पिशवीत घालून तिला चुंबकी कुलूप लावत. पिशवी आपल्याच हातात राहते, उघडता मात्र येत नाही. स्मार्टवॉचही आत जाते. अडचण आली तर बाहेरच्या दालनात जाऊन कर्मचाऱ्यांकडून कुलूप काढून घेता येते. आता गंमत अशी, की तिकीटही त्याच फोनवर असते, आणि पुष्कळ ठिकाणी त्याचा बारकोड सतत बदलत असल्याने आदल्या दिवशी काढून ठेवलेला स्क्रीनशॉट चालत नाही. आधी तिकीट तपासतात, मग फोन बंद होतो. म्हणून रांगेत उभे असतानाच तिकीट उघडून ठेवावे आणि मजला, दार, रांग, आसन हे सगळे कागदाच्या चिठ्ठीवर लिहून खिशात टाकावे. ही चिठ्ठी नसल्यामुळे अंधाऱ्या सभागृहात कुलूपबंद फोन हातात धरून उभे राहिलेले लोक हमखास दिसतात. चौघांची तिकिटे एकाच्या फोनवर असतील तर चौघांनी एकत्रच आत शिरावे, नाहीतर प्रत्येकाचे तिकीट आधीच त्याच्या फोनवर पाठवून घ्यावे.

वयस्करांसाठी आणखी दोन गोष्टी. रक्तातली साखर मोजणारा सेन्सर फोनला जोडलेला असेल तर सभागृहाला आधी कळवावे आणि दारात पुन्हा सांगावे, वैद्यकीय कारणासाठी सोय केली जाते. श्रवणयंत्र फोनवरच्या ॲपने चालत असेल तर कुलूप लागण्याआधीच ते संगीताच्या प्रोग्रॅमवर लावून घ्यावे. बोलण्यासाठीच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये यंत्र शिट्टी थोपवण्याचा प्रयत्न करत राहते आणि पियानोचा लांब धरलेला सूर त्याला शिट्टीच वाटतो. मग तो सूर कानात थरथरत, लाटा मारत येतो आणि दोष पियानोवाल्याच्या माथी बसतो.

दौऱ्याच्या या कार्यक्रमांत आधी दुसरा कलाकार नसे, मध्यंतर नसे आणि बहुधा 'वन्स मोअर'ही नसे. साधारण सतरा गाणी आणि पावणेदोन तास. सुरुवात बहुधा वेळेवर. आपल्याकडच्या सवयीने अर्धा तास उशिरा पोहोचलात तर चार-पाच गाणी गेली असे समजा. स्वच्छतागृहाचे काम आधीच उरकावे. संपल्यावर पिशव्या उघडायची रांग लागते, तिच्यासाठी दहा-पंधरा मिनिटे धरावीत आणि घ्यायला येणाऱ्या मुलाला भेटण्याची जागा सकाळीच ठरवून द्यावी, कारण टॅक्सीचे ॲपही त्याच कुलपात असते. कंट्री गायक विली नेल्सन यांच्या फिरत्या 'आउटलॉ' महोत्सवात डिलन गातात तो प्रकार वेगळा. तिथे उघडे मैदान, दिवसभरात अनेक कलाकार आणि डिलन यांच्या वाट्याला कमी वेळ. तिकीट कोणत्या प्रकारचे आहे, हे पैसे भरण्यापूर्वी नीट वाचावे.

आता आसन. मुले हौसेने आईवडिलांना अगदी पुढची, सर्वांत महाग जागा काढून देतात. डिलन यांच्या बाबतीत तो पैसा बरेचदा वाया जातो. गिटार त्यांनी जवळजवळ खाली ठेवली आहे. २००२ पासून ते की-बोर्डवर आणि २०१२ पासून मुख्यतः पियानोवर असतात. पहिल्या रांगांतून पियानोची मागची फळी आणि तिच्यावर केसांचा झुपका एवढेच दिसते. ऐकायलाही ती जागा लंगडीच. मुख्य स्पीकर उंचावर टांगलेले असतात आणि त्यांचा रोख मागच्या रांगांकडे असतो. पुढच्यांना ड्रम आणि गिटारचे ॲम्प्लिफायर थेट मंचावरून ऐकू येतात, गायकाचा आवाज मात्र मंचाच्या कडेला ठेवलेल्या छोट्या स्पीकरांतून. वाद्ये भरदार आणि शब्द पातळ, असे पारडे झुकते.

सभागृहात जिथे ध्वनिमिश्रणाचे टेबल असते त्याच्या आसपास, शक्यतो मध्यभागी आणि टेबलाच्या एक-दोन रांगा पुढे बसावे. टेबलावरचा माणूस स्वतःच्या कानाला योग्य वाटेल तसा आवाज जुळवत असतो, त्याच्या जवळचा श्रोता तेच ऐकतो. दुसरी चांगली जागा पहिल्या बाल्कनीची पहिली रांग. टाळायची जागा म्हणजे बाल्कनीच्या पोटाखालच्या शेवटच्या रांगा. छताची उंची कमी आणि खोली जास्त असली की तिथे वरच्या पट्टीतले ध्वनी पोहोचत नाहीत, आणि 'स', 'ट', 'क', 'फ' ही व्यंजने नेमकी तिथेच, साधारण दोन हजार हर्ट्झच्या वर असतात. व्यंजने गेली की स्वर उरतात, आणि शब्दांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गायकाचे नुसते स्वर ऐकून काय करायचे? मोठ्या सभागृहात अंतराचाही प्रश्न असतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे तीस मीटरवर बसलेल्याला मंचावरचा आवाज जवळपास ९० मिलिसेकंद उशिरा येतो. मध्ये टांगलेले मदतीचे स्पीकर तेवढाच उशीर लावून वाजवले नाहीत तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल या बाबतीत मुळातच बदनाम होता. डिलन १९६६ मध्ये तिथे गायले तेव्हा छताखालच्या फायबरग्लासच्या गोल तबकड्या नव्हत्या. त्या प्रतिध्वनी मारण्यासाठी १९६९ मध्ये लावल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये दौऱ्यातली त्या वर्षीची शेवटची गाणी त्यांनी तिथेच म्हटली तेव्हा शब्द कितीतरी स्वच्छ येण्याची सोय झालेली होती. तरीही निवड असेल तर लहान सभागृह घ्यावे. २०२२ च्या ऑक्टोबरात ते लंडनच्या पॅलेडियममध्ये चार रात्री गायले, ती जागा सव्वादोन हजारांच्या आसपास आसनांची. त्या आवाजाला तेवढेच घर पुरे.

कान जपण्याबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबल ही कमाल मर्यादा सुचवली आहे. डिलन यांचे बंदिस्त सभागृहातले कार्यक्रम रॉकच्या मानाने मवाळ असतात, पण बोळे जवळ असावेत. औषधाच्या दुकानातले फोमचे बोळे वरचे ध्वनी जास्त कापतात, म्हणजे पुन्हा व्यंजनांवरच गदा. संगीतासाठीचे फिल्टरवाले बोळे सगळे ध्वनी जवळपास सारख्या प्रमाणात खाली आणतात. ते घ्यावेत.

आणि आता मुख्य तक्रार: गाणी ओळखू येत नाहीत.

पहिले कारण सरळ आहे. तुम्हाला पाठ असलेली गाणी त्या रात्री बहुधा नसतातच. या दौऱ्यात २०२० च्या त्याच नावाच्या अल्बममधल्या दहापैकी आठ-नऊ गाणी रोज होत आणि उरलेल्यांत १९६०-७० च्या दशकांतली तुलनेने कमी प्रसिद्ध गाणी. ज्या एका-दोन गाण्यांसाठी आपली माणसे जातात ती यादीत नसत. दौऱ्याची यादी बऱ्यापैकी पक्की असते आणि आदल्या कार्यक्रमाची यादी दुसऱ्या दिवशी सहज सापडते. ती काढून घ्यावी. तो अल्बम सत्तर मिनिटांचा आहे. शब्द समोर ठेवून दोन-तीनदा ऐकला तर अर्धी मैफल ओळखीची होऊन जाते. एवढा गृहपाठ न करता गेलेल्याने तक्रार करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरे कारण जास्त मजेचे. ओळखीचे गाणे असले तरी चाल तीच नसते. ठेका बदलतो: सरळ चार मात्रांचे गाणे तीन मात्रांच्या झुलत्या चालीत येते, किंवा वेगवान रॉक गाणे जवळजवळ थांबत थांबत. गिटारच्या ज्या तुकड्यावरून गाणे ओळखायचे तो तुकडाच काढून टाकलेला असतो. पट्टी खाली आलेली असते. ओळ सम गाठत नाही. बँड पुढे जातो, गायक दोन मात्रा मागे रेंगाळतो आणि मग सगळी ओळ एका दमात कोंबून वेळेवर पोहोचतो. क्वचित शब्दही बदलतात. 'टँगल्ड अप इन ब्लू' हे १९७५ चे गाणे १९८४ च्या दौऱ्यात बव्हंशी नव्याने लिहिलेल्या कडव्यांसह आले, आणि 'मी'च्या जागी 'तो' असेही त्याचे रूप आहे.

यातले काही वयामुळे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. डिलन यांचा जन्म २४ मे १९४१ चा. ऐंशीपुढच्या गळ्यात स्वरयंत्राच्या कूर्चा कडक झालेल्या असतात, स्वरतंतू पातळ होतात, फुप्फुसातला दम कमी पडतो. वरचे सूर जातात, लांब धरलेला सूर डुगडुगतो. यावर गायकाकडे उपाय तीन: पट्टी उतरवणे, ओळ छोट्या तुकड्यांत तोडणे, आणि गाण्याचा काही भाग बोलण्याच्या जवळ नेणे. डिलन तिन्ही करतात. २०१५ ते २०१७ या काळात त्यांनी जुन्या अमेरिकन चित्रपट-नाटकांच्या काळातली प्रेमगीते तीन अल्बम भरून गायली. त्या रियाजाने शब्द सोडण्याची, श्वास घेण्याची जागा सुधारली, असे आमचे ऐकणे सांगते. त्याआधीच्या दहा वर्षांतले घोगरे, प्रत्येक ओळीचे टोक वर फेकणारे गाणे ऐकले की फरक कळतो.

पण सगळे वयावर ढकलणेही चूक. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी, आवाज धडधाकट असतानाही त्यांनी हेच केले होते. २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात ते इलेक्ट्रिक गिटार आणि बँड घेऊन आले, तीन गाणी झाली, हुर्यो झाली, मग एकटे परत येऊन साध्या गिटारवर दोन गाणी म्हटली. हुर्यो विजेच्या गिटारीची होती, फक्त तीनच गाणी झाल्याची होती की वाईट आवाजाची, यावर आजही वाद आहे. आमच्या धंद्याच्या नजरेने तिसरे कारण हलके नाही. ती यंत्रणा एक गळा आणि एक लाकडी गिटार यांच्यासाठी जुळवलेली. तिच्यात ड्रम आणि बँडमधल्या माइक ब्लूमफील्डची इलेक्ट्रिक गिटार घुसल्यावर शब्द बुडणारच. पुढच्या वर्षी १७ मे रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये प्रेक्षकांतून कुणीतरी त्यांना 'जूडास', म्हणजे येशूचा घात करणारा शिष्य, म्हणून ओरडले. तो कार्यक्रम १९९८ मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध झाला आहे. पहिला भाग एकट्याचा, दुसरा बँडचा. जाण्यापूर्वी तो ऐकावाच. १९७९ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफील्डमध्ये तर त्यांनी जुने एकही गाणे न गाता फक्त नवी ख्रिस्ती भक्तिगीते म्हटली. म्हणजे 'आमची गाणी म्हटली नाहीत' ही तक्रार निदान साठ वर्षे जुनी आहे.

शिवाय मराठी श्रोत्याने तरी याने गोंधळू नये. तुकोबांचा एकच अभंग वारकरी दिंडीत एका चालीत, कीर्तनात दुसऱ्या आणि शास्त्रीय गायकाच्या संतवाणीत तिसऱ्या चालीत आपण ऐकतो. शब्द ओळखीचे असले की चाल कोणाची, हा पुढचा प्रश्न. डिलन ऐकतानाही कान चालीवरून काढून शब्दांवर ठेवावा. पहिल्या ओळीत नाही उमगले तर धीर धरावा, कडव्याच्या शेवटी धृपदाची ओळ येते तेव्हा गाणे सापडते. सराव म्हणून एकच गाणे तीन अधिकृत ध्वनिमुद्रणांतून ओळीने ऐकावे: मूळ साठच्या दशकातले, १९७५-७६ च्या दौऱ्यातले आणि १९७८ चे जपानमधले. तिसऱ्या वेळेपर्यंत कान सरावतो.

मंचाकडे बघायचे तर गायकाइतकेच बेस वाजवणाऱ्याकडे बघा. टोनी गार्निए १९८९ पासून त्यांच्याबरोबर आहेत. डिलन मनात येईल तिथे पियानोवर वळण घेतात, कडवे लांबवतात, आणि गार्निए त्यांच्या हातांवर डोळा ठेवून बाकीच्यांना रस्ता दाखवतात. बँड पियानोभोवती दाटीवाटीने उभा असतो तो त्यासाठीच. क्वचित एखाद्याचा स्वर चुकतो आणि तो दुसऱ्या क्षणी सावरतो, हेही ऐकण्यासारखे असते. माउथ ऑर्गन निघालाच तर टाळ्या आपोआप पडतात. तो दहा छिद्रांचा, एकाच पट्टीचा असतो. गाण्याची पट्टी उतरवली की वाद्यही दुसरे घ्यावे लागते, आणि ब्लूजसाठी तर गाणे 'ई'मध्ये असेल तर 'ए'चे वाद्य उचलतात, कारण मग ओढून वाजवलेले सूर हवे तसे वाकवता येतात.

गप्प राहण्याबद्दल आम्ही त्यांची बाजू पूर्णपणे घेणार नाही. बँडची ओळख करून दिली की झाले, असे त्यांचे धोरण असते. मोठी रक्कम मोजून आलेल्याला 'नमस्कार' म्हटल्याने गाण्याचे काही बिघडत नाही. पण ते अपेक्षेत धरू नका, म्हणजे चिडचिड होणार नाही.

आपल्या मातीशी या माणसाचा दुवा शोधणाऱ्यांसाठी: १९६७ च्या अखेरीस आलेल्या त्यांच्या अल्बमच्या मुखपृष्ठावर डिलन यांच्या दोन्ही बाजूंना उभे आहेत ते बंगालचे बाउल गायक पूर्ण दास आणि लक्ष्मण दास. शिलाँगमध्ये गायक लू माजॉ १९७२ पासून दर २४ मे रोजी डिलन यांचा वाढदिवस गाऊन साजरा करत आले आहेत. आणि मुंबईत अरुण कोलटकरांनी सत्तरच्या दशकात स्वतः इंग्रजी गाणी लिहून ध्वनिमुद्रित केली होती, हे त्यांच्या कवितांच्या वाचकांनाही फारसे ठाऊक नसते.

शेवटी आपल्या पुरवणीला आणि इथल्या आयोजकांना एकेक विनंती. अशा मैफलीचा वृत्तान्त छापताना गाण्यांची यादी, सभागृहाचे नाव आणि लेखक कोणत्या भागात बसला होता, एवढे तरी द्यावे. 'आवाज नीट आला नाही' या वाक्याला बाल्कनीखालची शेवटची रांग आणि टेबलाशेजारची रांग यांत वेगळा अर्थ असतो. आणि पुण्या-मुंबईत ज्येष्ठ शाहिरांचे, लोकगायकांचे कार्यक्रम करणाऱ्यांनी फोन बंद ठेवायला लावण्याचा प्रयोग एकदा करून पाहावा. कुलपाच्या पिशव्या परवडत नसतील तर दारात क्रमांकाचे बिल्ले देऊन, चपलांसारखे नव्हे तर नीट खणांत, फोन ठेवता येतात. पाचशे माणसांना चार खिडक्या लागतील. दोन ठेवल्या तर कार्यक्रम संपल्यावर भांडणे होतील, हे आधीच सांगून ठेवतो.

आपले,
ध्वनिव्यवस्थेच्या व्यवसायातील काही वाचक, पुणे